दिव्यांनी सोडलेली जागा

१

“नाव अबोली आहे हे पत्रिकेत वाचलं होतं गं, पण खरंच मुकी निघेल असं काय माहीत!”

सासूबाई गच्चीवर फोनवर बोलत होत्या, त्यांच्या पुण्याच्या नणंदेशी. मी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यात उभी होते. पुढचं ऐकायला थांबले नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पुढचं असं होतं : “स्वैपाक बरा करते. मीठ कमी पडतं, पण सांगायची सोय नाही, नुसती मान हलवते.”

मला बोलता येतं. फक्त बोलायच्या आधी मी शब्द दोनदा तपासून घेते आणि तोवर माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. नांदेडला गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दीड वर्ष संगणकापुढे बसले, तिथं ही सवय कामाची होती. अनिरुद्ध मला पाहायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता, “गाडीचं कोडिंग येतं?” मी मान हलवली. लग्न ठरलं.

अनिरुद्धचं वसमतला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. माझे सासरे, अण्णा, कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या दोन्ही किडन्यांनीही निवृत्ती घेतली. दर सोमवारी आणि गुरुवारी नांदेडला डायलिसिस. नंबर सकाळी सहाचा. पाचला निघावं लागतं. त्यासाठीच अनिरुद्धनं जुनी इलेक्ट्रिक कार घेतली होती, सगळ्यांत स्वस्तातली. तिच्या दिव्यांचा उजेड एवढाच, की दिवे लागलेत हे आपल्याला कळावं.

आमच्या लग्नाला महिना झाला असेल. कारखान्याचा हंगाम जोरात होता. एका पहाटे धुक्यात उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे ना लाल दिवा ना चमकपट्टी. अनिरुद्धनं ब्रेक मारला तेव्हा उसाचे शेंडे बॉनेटवर टेकले होते. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “आता मी येत नाही. माझ्यापायी तुमी दोघं काहून मरता?”

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं : एक पाळी चुकली तर दम लागेल, दोन चुकल्या तर बोलावू नका.

म्हणून दिवे बदलायचे ठरले.

२

दिवे मिळाले ते रतनसिंगच्या आवारातून. रतनसिंग जुन्या गाड्या फोडून त्यांचे भाग विकतो. नांदेडच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं कुंपण आहे. आमच्याच गाडीचं सगळ्यांत महागडं मॉडेल त्याच्याकडे आलं होतं. डायलिसिसहून परतताना अनिरुद्ध, अण्णा आणि सासूबाई तिघं तिथं थांबले आणि दोन दिवे जुन्या गोधडीत गुंडाळून घेऊन आले.

ते दिवे मला फार आवडले. एकेका दिव्यात चौऱ्यांशी बारके दिवे. गाडीच्या पुढच्या काचेमागचा कॅमेरा समोर बघत राहतो. पुढून कुणी आलं, की त्याच्या डोळ्यांवर येणारे तेवढेच बारके दिवे विझतात. बाकी रस्ता लख्ख, आणि त्या माणसाभोवती त्याच्या मापाचा अंधार. माणूस चालला की अंधारही त्याच्याबरोबर चालतो. एवढी अदब मी माणसांतही कमी पाहिली आहे.

बसवायचं काम अनिरुद्धचं. बंपर उतरवला, तारा ओढल्या. जुना एक दिवा काढताना त्याचे पकडीचे कान तुटले. “जाऊ दे, परत कोण लावणार आहे,” तो म्हणाला. मग माझं काम. दिवे नुसते बसवून चालत नाहीत. गाडीच्या संगणकाला सांगावं लागतं की आजपासून हे तुझे. तोवर ते उजेड देतात, पण गाडी त्यांना ओळख देत नाही. मला ते सगळं फार ओळखीचं वाटलं. मी लॅपटॉप जोडला, जुन्या दिव्यांचा क्रमांक पुसला, नव्यांचा घातला. तिसऱ्या खेपेला गाडीनं मान्य केलं. माझ्यापेक्षा लवकर.

शेवटी उजेड किती वर पडतो त्याची पातळी लावायची. त्यासाठी दहा मीटरवर पांढरी भिंत आणि अंधार लागतो. बाजारातल्या हरिचंदशेठचं हळदीचं गोदाम रिकामं होतं. नवी हळद यायला दोन महिने होते. शनिवारी दुपारी आम्ही गाडी आत घेतली. शेठनं स्वतः शटर ओढलं. बाहेर कडक ऊन, आत मिट्ट काळोख. टाचेखाली हळदीची धूळ. नाकात तिचा कडवट वास.

“लावा, वहिनी,” शेठ म्हणाले. “आमच्या गोदामात दिवाळी होऊन जाऊ द्या.”

मी दिवे लावले. हवेत पिवळी धूळ पेटल्यासारखी दिसली. समोरची भिंत दुधासारखी झाली.

मधोमध सोडून. तिथं दाराएवढा उभा काळा पट्टा होता. वर किंचित निमुळता.

“एखादी पट्टी गेली वाटतं,” अनिरुद्ध म्हणाला. “रतनसिंगनं टोपी घातली.”

मी लॅपटॉप पाहिला. बिघाड शून्य. एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट दिवे ठीक. खाली कॅमेऱ्याला काय दिसतंय त्याची ओळ होती : वाहन शून्य. पादचारी एक. अंतर दहा मीटर.

“भिंतीवरच्या डागाला माणूस समजून राहिलं,” अनिरुद्ध म्हणाला. पटण्यासारखं होतं. भिंतीवर डाग होतेच. “दोन मीटर मागं घेऊ.”

त्यानं गाडी मागे घेतली. भिंत आता बारा मीटरवर. मी टेप लावून पाहिलं, बारा. पट्टा तसाच.

पादचारी एक. अंतर दहा मीटर.

मी तो आकडा बघत राहिले. दहावर भिंत नव्हती. दहावर काहीच नव्हतं, नुसती धूळ तरंगत होती. बाकी सगळीकडे ती वरखाली होत होती. त्या पट्ट्यात ती दिसत नव्हती, हे साहजिकच होतं, तिथं उजेड नव्हता. हे मी स्वतःला समजावून सांगितलं, दोनदा.

“काही का असेना,” हरिचंदशेठ शटर उचलत म्हणाले, “समोरच्याला मान देतात हे दिवे. आमच्या गिऱ्हाइकांनी शिकावं.”

३

सोमवारी पहाटे मला लॅपटॉपसकट गाडीत घेतलं. अनिरुद्ध चालवायला, अण्णा शेजारी, सासूबाई आणि मी मागे.

रस्ता आरशासारखा दिसत होता. उसाची ट्रॉली पाऊण किलोमीटरवरून कळली; ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्याभोवती छोटासा अंधार बसला आणि ओलांडल्यावर मिटला. पादचारी शून्य. काळा पट्टा एकदाही आला नाही. अण्णा लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले, “सूनबाई, तुझ्या हाताला यश आहे.” मी मान हलवली. सासूबाईंनी ती मान हललेली बघितली आणि उसासा टाकला.

येताना मात्र मी एसटीनं आले. डायलिसिसनंतर अण्णांना बसवत नाही. ते मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे होतात, म्हणून गाडीत तिघांचीच सोय. त्यामुळे गुरुवारी मी घरीच राहिले. माझं काम झालं होतं.

गुरुवारी संध्याकाळी अनिरुद्ध हात धूत म्हणाला, “तो पट्टा परत आला गं. निघाल्यापासून नांदेडपर्यंत. गाडीच्या पुढं-पुढं चालून राहिला.”

“चालत?” मी विचारलं. साठच्या वेगानं कुणी चालत नाही.

“म्हणजे तसाच. पुढं.” त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. “पण बाकी उजेड बराबर आहे. ट्रॉली दिसते ना? मग झालं.”

त्यानं जेवण केलं तोवर मी खाली जाऊन गाडीतली नोंद उघडली. एकोणचाळीस मिनिटं, पादचारी एक. अंतर दहा नव्हतं. आठ पूर्णांक दोन.

मी कॅमेऱ्याची काच पुसली. कॅमेऱ्याची सगळी मापं पुन्हा भरली. पुढच्या सोमवारी साडेपाच. गुरुवारी दोन पूर्णांक एक. मधलं गाडीचं नाक वजा केलं, तर कॅमेऱ्यापासून दोन मीटर म्हणजे माणूस बंपरला पोट लावून उभा आहे. आणि गाडी साठच्या वेगानं जाते आहे.

“उजेड कमी पडून राहिला आता,” अनिरुद्धनं कबूल केलं. “पट्टा मोठा झाला. मधला रस्ता दिसत नाही, कडा दिसतात. सोमवारी जरा हळू नेतो.”

चुलीवरचं दूध बघता बघता मी हिशेब लावत होते. गोदामात पट्टा होता. माझ्यासोबतच्या सोमवारी नव्हता. नंतर दर खेपेला. वायर तीच, दिवे तेच, कॅमेरा तोच. फरक एकच सापडत होता आणि तो सर्व्हिस सेंटरच्या कुठल्याच पुस्तकात बसत नव्हता. गोदामात आम्ही तिघं होतो.

४

शनिवारी मी गाडी आतून झाडायला घेतली. मागच्या डाव्या दाराच्या कप्प्यात हात घातला तर दगड लागला. चपटा, काळा, तळहातात मावणारा. गाडी सकाळपासून उन्हात होती. दारं, सीट, सगळं तापलेलं. दगड मात्र माठाच्या बुडासारखा गार.

“टाकू नको गं तो!” सासूबाई जिन्यातून ओरडल्या. “आमचा चवथा आहे तो.”

मी बघत राहिले.

“तुमच्या माहेरी, हट्ट्याला, पाळत नाहीत का? तिघांनी मिळून निघू नये बाई, काम बिघडतं. तिघंच असलं की एक खडा घ्यायचा सोबत, चवथा म्हणून. आमी तिघंच असतो ना जाताना.”

हट्ट्यालाही पाळतात. माझी आई परतल्यावर खडा होता तिथं नेऊन ठेवायची. मी दगड वर धरला आणि भुवया उंचावल्या. दीड महिन्यात सासूबाई एवढं वाचायला शिकल्या होत्या.

“कुठून घेतला? अगं, दिवे आणायला गेलतो ना, रतनसिंगकडं. त्या दिवशी घरून निघताना घ्यायचा राहून गेला. मनाला लागलं. मग ती गाडी उभी होती ना, जिचे दिवे काढले, तिच्या पुढ्यातच पडला होता. उचलला. म्हटलं, चल बाबा, तू आमचा चवथा.” त्यांनी पदर खोचला. “मग राहू दिला गाडीतच. दर खेपेला कुठं शोधत बसायचं?”

माझ्या हातातला दगड गारच होता. सासूबाईंनी त्याला बोलावलं होतं, रीतसर, आपल्या तोंडानं. आणि कुणीच परत पोचवलं नव्हतं.

दगडाला काय कळतं, असं मी मनात म्हणाले. ते वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी दगड खाली ठेवला होता.

५

दुपारी दुकानात कुणी नसताना मी रतनसिंगला फोन लावला. फोनवर मला बरं बोलता येतं; समोर चेहरा नसतो.

“व्हय ताई, वळखलं. दिव्याची काय तकलीफ?”

“दिवे चांगले आहेत, काका. ती गाडी कुठं ठोकली होती?”

“ठोकली? न्हाई की. तिला खरचटलं बी न्हवतं. तुमच्या मालकाला सांगितलं मी. दिवे एकदम कोरे.”

“मग मोडीत काहून काढली? दोन वर्षांची गाडी.”

पलीकडे कुणीतरी पत्रा कापत होतं. तो आवाज थांबल्यावर रतनसिंग बोलला.

“माझ्या बायकोनं बी हेच इचारलं. नानीबाई म्हनली, चांगली गाडी, आपुनच वापरू. मी चावी दिली. तांड्यापस्तोर जाऊन आली अन् चावी परत केली.” तो हसल्यासारखा झाला. “ज्यांची गाडी हुती ते तिघं हुते घरात. नवरा, बायको, म्हातारी. पाच शीटची गाडी बरं का ताई. मी इचारलं, काहून इकता? तर म्हातारी म्हनली, जागा पुरत न्हाई.”

६

मी अनिरुद्धला सांगितलं नाही. काय सांगणार होते? दिवे परत काढायचे तर जुन्या एकाचे कान तुटलेले, नवे मागवायला आठ दिवस, आणि मधे दोन पाळ्या. अण्णांच्या घोट्यांवर आताच बोट दाबलं की खड्डा राहत होता. गाडी थांबवणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि दगड पिशवीत घातला. रतनसिंगच्या आवारात नेऊन ठेवायला हवा होता, आई ठेवायची तसा. पण रविवार, आवार बंद, आणि नव्या सुनेनं नांदेडच्या रस्त्याला एकटीनं कशाला जायचं, असं घरी विचारलं असतं. कालव्याच्या पुलावर थांबले आणि टाकला पाण्यात. घरी येताना बरं वाटलं. सासूबाईंसाठी अंगणातला एक खडा, तसाच चपटा, कप्प्यात ठेवून दिला.

सोमवारी अनिरुद्ध नांदेडहून फोनवर अक्षरशः ओरडला, “गेला! पट्टा गेला! पूर्ण रस्ता लख्ख!”

मी देवाजवळ साखर ठेवली.

ते दुपारी आले. अनिरुद्ध खुशीत, पण कानात बोट घालून हलवत. “आता ते बेल्टचं सुरू झालं. मागच्या डाव्या सीटला कुणी नाही, तरी बेल्ट लावा, बेल्ट लावा. ठिंग ठिंग ठिंग. आई उजवीकडं बसलेली. सीटखालची वायर ढिली असेल.”

“येतानापण?”

“येताना अण्णा आडवे झाले ना तिथं. मग काय, वाजणारच.”

अण्णांना आम्ही दोघांनी धरून वर आणलं. नेहमी डायलिसिसनंतर ते दमलेले पण हलके असतात. आज ओठ निळसर होते. पायमोजे काढले तर पावलं बर्फासारखी. मी चोळत बसले.

“पाय लांबवता आले नाहीत,” ते डोळे मिटून म्हणाले. “सगळा रस्ता आखडून पडलो. मांडीवर कुणी हात ठेवल्यासारखं जड.”

“अहो, मीच होते की,” सासूबाई म्हणाल्या.

“तू डोक्याशी होतीस, कालिंदी.” त्यांनी श्वास घेतला, तो मधेच अडला. “जागाच पुरली नाही.”

माझे हात त्यांच्या पावलांवर थांबले.

संध्याकाळी मी एकटीच खाली गेले आणि नोंद उघडली. पादचारी शून्य, सगळा वेळ शून्य. मग सीटची ओळ. आमच्या या मॉडेलला वजनाचा आकडा येत नाही, नुसतं भरलेली की रिकामी एवढंच. मागची डावी : भरलेली. कधीपासून ते पाहिलं. रविवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. तेव्हा गाडी कुलूपबंद, दुकानासमोर. तेव्हा मी पुलावर होते.

दगड होता तोवर त्याला बाहेर उभं राहायला जागा होती. ती मीच काढून घेतली. हे मी लिहिते तेव्हा मला हसू येतं, डिप्लोमा प्रथम श्रेणीत आहे माझा. पण त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही, कारण लॅपटॉप मिटताना मागून, अगदी जवळून, एकदाच वाजलं : ठिंग.

मी मागे वळून बघितलं नाही.

७

अनिरुद्धनं मंगळवारी सीट काढून वायर बदलली. बुधवारी दिवसभर काही वाजलं नाही. “बघ,” तो म्हणाला, “तुमी शिकलेली माणसं उगाच घाबरता.” मी काही बोलले नव्हते; पण माझा चेहरा त्यालाही वाचता यायला लागला होता.

गुरुवारी धुकं एवढं होतं, की समोरच्या घराचा तुळशीचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. अण्णा रात्रभर उशांना टेकून बसून होते. आडवं झालं की दम लागत होता. पाळी चुकवणं शक्यच नव्हतं. एसटी पावणेसातची. रिक्षावाला धुक्यात यायला तयार नव्हता. गाडी, नाहीतर काही नाही.

मी चहाचा थर्मास घेऊन खाली आले. अनिरुद्धनं चार्जिंगची तार काढली, दिवे लावले. ते शटरवर पडले : स्वच्छ, पांढरे, कुठेही काळं नाही. मग त्यानं फडक्यानं काचांवरचं दव पुसायला घेतलं. पुढची पुसली. उजव्या पुसल्या. डावी मागची पुसली, पण ती साफ होईना. त्यानं पुन्हा फडकं फिरवलं.

“आतून आहे वाटतं,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. दुकानाच्या बल्बचा उजेड त्या काचेवर सरळ पडत होता. वाफ आतूनच होती, बशीएवढी गोल, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बघता बघता ती कडेनं विरत गेली. काच स्वच्छ झाली. मग मधोमधून पुन्हा पांढरी होत आली, सावकाश, शांतपणे. पुन्हा विरली. पुन्हा आली.

गाडी रात्रभर बंद होती.

“आज अण्णांना जातानाच मागं आडवं करू,” सासूबाई म्हणाल्या. “बसवणार नाही त्यांना. या हो, सावकाश. डोकं सांभाळा.”

“आडवं नको,” अण्णा म्हणाले, “दम लागतो. टेकून बसतो मागं.” त्यांनी एक हात सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा डाव्या दाराच्या मुठीकडे नेला. काचेवरची वाफ विरायची थांबली. ती नुसती होती तशी राहिली, जसं आत कुणी श्वास रोखून धरला असावा.

मी थर्मास पायरीवर ठेवला. घरचं जोतं उतरून त्या दाराशी जायला मला चार पावलं पुरली. अण्णांचा हात मी मुठीवरून उचलला आणि माझ्या हातात धरला. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. दाराची मूठ बोटांना लागली, ती दगडासारखी गार होती. शब्द तपासायला वेळ नव्हता.

“अण्णा, तुमी पुढं बसा, सीट मागं पाडून देते,” मी म्हणाले, माझ्याही कानांना नवीन वाटेल एवढ्या मोठ्यानं. “आई, तुमी उजवीकडं. इथं मी बसणार आहे, आज आणि दर खेपेला, जाताना आणि येताना. या घरात चवथी मी आहे. दुसऱ्या कुणाला बोलवायची गरज नाही.”